निदान आणि उपशय

१

खोकला येणार असे वाटले की ती हातातली पेन्सिल खाली ठेवते, दोन्ही तळवे मानेच्या मागे, जेथे कवटी संपते आणि मणके सुरू होतात तेथे, घट्ट दाबून धरते आणि मगच खोकते. तरीही कळ यायची ती येतेच. डोक्याच्या मागच्या भागातून ती उठते, क्षणभर समोरचे सारे पुसून टाकते आणि दहा-पंधरा सेकंदांनी, कधी दोन मिनिटांनी, ओसरते. मग पेन्सिल उचलून, वाचन जेथे थांबले होते ती ओळ ती पुन्हा शोधते. गेली सहा वर्षे हे असेच चालले आहे.

ती मुद्रितशोधक आहे. वय सत्तेचाळीस, वास्तव्य पुण्यात, शनिवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. मराठीतली समीक्षेची आणि संशोधनाची अनेक पुस्तके छापखान्यात जाण्यापूर्वी तिच्या टेबलावरून गेली आहेत. लेखकाच्या ऋणनिर्देशात तिचे नाव असलेच तर शेवटच्या ओळीत, आणि त्यातही क्वचित चुकीच्या वेलांटीने छापलेले. दिवसाचे सहा-सात तास मान खाली घालून काम करणाऱ्या माणसाचे डोके दुखते यात कोणालाच नवल वाटले नाही. प्रथम चष्म्याचा नंबर बदलला, मग पित्त झाले, मग अर्धशिशी, मग मानेच्या मणक्यांची झीज, आणि शेवटी सर्व निदाने संपतात तेव्हा उरणारे निदान, म्हणजे वय. यांतले प्रत्येक अंशतः पटण्यासारखे होते आणि प्रत्येकावर काही दिवस थोडा गुणही आला.

दोन वर्षांपूर्वी झालेल्या एमआरआयच्या अहवालात एक ओळ आली. लहान मेंदूची खालची टोके कवटीच्या तळाच्या छिद्रातून सात मिलिमीटर खाली उतरलेली आहेत, आणि हे चित्र किआरी विकृतीच्या पहिल्या प्रकाराशी जुळते, असे त्या ओळीत म्हटले होते.

ही रचना थोडक्यात समजून घ्यावी लागते. कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते. त्यातून मेंदूचा देठ खाली उतरतो आणि पुढे मज्जारज्जू होतो. लहान मेंदूच्या खालच्या टोकांना केवळ आकाराच्या साम्यावरून टॉन्सिल असे नाव पडले आहे; घशातल्या गाठींशी त्यांचा संबंध नाही. ही टोके छिद्राच्या वर राहावीत अशी अपेक्षा असते. काहींच्या कवटीचा मागचा कप्पा मुळातच आखूड असतो आणि आत न मावणारी टोके खाली सरकतात. पाच मिलिमीटरपेक्षा अधिक सरकली तर किआरीचे नाव दिले जाते. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती सुमारे १५० मिलिलिटर मस्तिष्कमेरुद्रव असतो. हृदयाच्या ठोक्यागणिक कवटीत रक्त येते तेव्हा हा द्रव थोडा खाली जातो आणि परत वर येतो. छिद्रात बूच बसल्यासारखी स्थिती झाली की ही ये-जा अडते. खोकताना, शिंकताना, जोराने हसताना, बादली उचलताना आतला दाब एकदम वाढतो, आणि वाट न मिळालेला तो दाब कळ होऊन प्रकट होतो.

इतक्या वर्षांच्या अनुभवाला अखेर एक नाव मिळाले. अहवाल हातात आला त्या दिवशी तिला भीतीपेक्षा सुटकाच अधिक वाटली, हे नोंदवले पाहिजे. आपले दुखणे खरे होते, असा त्या ओळीचा अर्थ तिने लावला. वस्तुतः त्या ओळीत दुखण्याविषयी काहीच म्हटलेले नव्हते.

२

तिने दोन शल्यविशारदांची मते घेतली. पहिल्यांनी संगणकाच्या पडद्यावर पेन टेकवून दाखवले आणि म्हणाले, “ताई, आत जागा कमी आहे. आपण जागा करून देऊ. एवढंच.” या ‘एवढंच’मध्ये काय काय येते ते त्यांनी नंतर नीट समजावून सांगितले. कवटीच्या मागच्या बाजूचा, काही सेंटिमीटरांचा, हाडाचा तुकडा काढायचा. पहिल्या मणक्याची मागची कमान काढायची. गरज वाटल्यास मेंदूवरचे जाड आवरण उघडून त्यात ठिगळ लावायचे आणि ते सैल करायचे. काढलेले हाड सहसा परत बसवत नाहीत. ती जागा स्नायूंनी झाकली जाते. धोके त्यांनी बोटांवर मोजले : द्रव गळणे, जंतुसंसर्ग, आवरणाचा दाह, क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया, आणि डोकेदुखी न जाणे.

दुसरे वयाने मोठे होते. त्यांनी तिचे हात हातात घेऊन ताकद पाहिली, डोळे मिटायला लावून बोटांना गार आणि कोमट वस्तू लावल्या. द्रवाच्या अडथळ्यामुळे काही रुग्णांच्या मज्जारज्जूच्या आत पोकळी तयार होते. मग हाताला चटका बसला तरी कळत नाही, पकड जाते, आणि हे नुकसान पुष्कळदा भरून येत नाही. अशी पोकळी वाढत असेल तर शस्त्रक्रियेविषयी फारसे दुमत राहत नाही. तिच्या मज्जारज्जूत पोकळी नव्हती. “घाई कशाला?” ते म्हणाले. “तुमची डोकेदुखी यातली किती याची आणि किती दुसऱ्या कशाची, हे मला ठाऊक नाही. चित्रालाही ठाऊक नाही. दोन महिने रोज लिहून ठेवा आणि मग या.”

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि अडचण नेमकी हीच होती. मज्जारज्जू धोक्यात असता तर निर्णय शरीराने घेतला असता. तो सुखरूप होता म्हणून निर्णय तिच्यावर आला.

दुसऱ्या केंद्रावर पुन्हा काढलेल्या चित्रांच्या अहवालात सात मिलिमीटरांचे सहा झाले. एका मिलिमीटरची ही तफावत डॉक्टरांना क्षुल्लक वाटली; छेदाचा कोन आणि मोजणाऱ्याची नजर यांनी एवढा फरक पडतोच, असे त्यांनी सांगितले. मुद्रितशोधकाला ती क्षुल्लक वाटणे शक्य नव्हते. ऱ्हस्व की दीर्घ, एवढ्या फरकावर ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतले अंतर ठरते, हे जिच्या हाडीमासी खिळलेले आहे तिने दोन्ही अहवाल शेजारी ठेवून ओळीने ओळ ताडून पाहिले. हस्तलिखितांच्या चिकित्सेत दोन पोथ्यांतील पाठभेद समोर ठेवून मूळ पाठाचा शोध घेता येतो. येथे मूळ संहिता तिच्याच मानेत होती आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचा पाठभेदांखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

३

या विकृतीला ज्यांचे नाव आहे ते हान्स किआरी हे रोगविकृतिशास्त्रज्ञ होते. १८५१ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले किआरी प्रागच्या जर्मन विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि १८९१ व १८९६ मध्ये त्यांनी या रचनांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांचे वाचन मृतदेहांचे होते. पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणून त्यांनी जिचे वर्णन केले ती सतरा वर्षांची मुलगी विषमज्वराने गेली होती, आणि लहान मेंदूच्या या विस्थापनाचे कोणतेही लक्षण तिच्यात हयातीत दिसलेले नव्हते. म्हणजे या विकाराच्या इतिहासाचे पहिले पान एका लक्षणहीन शरीराचे आहे. आजही इतर काही कारणासाठी एमआरआय काढला असता ही रचना योगायोगाने आढळते, आणि अशा पुष्कळांना तिचा कसलाही त्रास नसतो.

दुसरी गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. मोठ्या मेंदूत पाणी साठल्यामुळे लहान मेंदू खाली ढकलला जातो, असे किआरींचे स्पष्टीकरण होते. पहिल्या प्रकाराच्या बाबतीत आज ते सामान्यतः स्वीकारले जात नाही; कवटीच्या मागच्या कप्प्याचा अपुरेपणा हे कारण अधिक मानले जाते. वर्णन टिकले, नाव टिकले, अर्थ मात्र बदलला. आपल्या संहितेचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार लेखकाकडे नसतो, हा सिद्धान्त समीक्षेने विसाव्या शतकात पुष्कळ वाद घालून प्रस्थापित केला. वैद्यकात तो फारसा वाद न होता अमलात येत राहिलेला दिसतो.

मिशेल फूको यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिकित्सालयाच्या जन्माविषयीच्या ग्रंथात एका स्थित्यंतराकडे लक्ष वेधले आहे. वैद्य रुग्णाला पूर्वी काय होते आहे असे विचारत असे. आधुनिक वैद्य कोठे दुखते असे विचारू लागला. निवेदनाची जागा स्थानाने घेतली. तिच्या बाबतीत स्थान मिळाले होते, मिलिमीटरांसह मिळाले होते. परंतु स्थान मिळाल्याने निवेदनाची गरज संपली नाही. उलट तिचे निवेदन आता कुठे आवश्यक झाले, कारण त्या स्थानाचा दुखण्याशी संबंध आहे की नाही हे ठरवायला दुसरे साधन नव्हते.

४

रोजनिशी लिहायला बसल्यावर पहिली अडचण शब्दांची आली. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मधल्या आजारपणावरील निबंधात इंग्रजीकडे डोकेदुखीसाठी शब्द नाहीत अशी तक्रार केली होती. एलेन स्कॅरी यांनी १९८५ च्या ग्रंथात तीव्र वेदना भाषेला नुसती हुलकावणी देत नाही, तिचा विध्वंसही करते, असे प्रतिपादन केले. हा विचार आपल्याकडच्या चर्चासत्रांतूनही पुष्कळ उद्धृत होतो. तथापि तिचा अनुभव थोडा वेगळा होता. ज्या क्षणी कळ येते त्या क्षणी शब्द नसतात हे खरे. पण ती ओसरल्यावर मराठीत शब्दांची वाण पडत नाही. कळ, चमक, सणक, तिडीक, शूळ, ठणका, ठसठस, भणभण, रग. आणि हे पर्यायवाचक नाहीत. ठणका लयीत असतो, चमक एका रेषेत धावते, रग साचत जाते, ठसठशीला जखमेची आठवण असते. मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठात तयार केलेल्या वेदनेच्या प्रश्नावलीत ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. रुग्णाने त्यांतून निवड करायची आणि निवडीवरून वैद्याने प्रकार ओळखायचा. शब्दांची निवड हेच तेथे निदानाचे साधन आहे.

व्याकरणाकडेही तिचे लक्ष गेले. मराठीत ‘डोके दुखते’ या वाक्याचा कर्ता डोके आहे. ‘कळ येते’, ‘चमक निघते’, ‘ठणका लागतो’ या प्रयोगांत वेदना हीच कर्ता होते. ज्याला ती होते तो वाक्यात आलाच तर ‘मला’ या रूपाने, एखाद्या घराला पाहुणे यावेत तसा. वेदना बाळगण्याची, म्हणजे तिची मालकी सांगण्याची वाक्यरचना मराठीला सहज नाही. या व्याकरणात एक प्रकारची मोकळीक आहे : जी येते ती जाऊ शकते. त्यात एक धोकाही आहे. आलेल्याला सोसायचे असते, त्याच्याविषयी निर्णय घ्यायचा नसतो, असे हे व्याकरण हळूच सुचवते. तिच्या आईने आयुष्यभर अर्धशिशी सोसली ती याच व्याकरणात. सांगलीहून तिच्या थोरल्या भावाचा फोन आला तोही याच व्याकरणातून बोलत होता. “अगं, डोकं आहे ते. त्याला हात लावू देऊ नकोस. दुखतं तर दुखू दे थोडं.”

शिवाय मराठीत डोकेदुखी हा शब्द केव्हाच लाक्षणिक झाला आहे. कटकटीचा माणूस ही डोकेदुखी, रखडलेले काम ही डोकेदुखी, आणि ‘डोके उठणे’ ही तर रोजच्या वैतागाची भाषा. लक्ष्यार्थ इतका रुळला की ज्याचे डोके खरोखर दुखते त्याला मुख्यार्थ परत मिळवण्यासाठी प्रयास करावा लागतो. ‘खरंच दुखतंय’ असे तिला सांगावे लागे, आणि ‘खरंच’ म्हणताक्षणी त्या वाक्याचे बळ कमी होई.

५

रोजनिशीत तिने दोन रकाने आखले नव्हते. ते आपोआप पडत गेले. तिसऱ्या आठवड्यात तिच्या ध्यानात आले की ‘कळ’ आणि ‘रग’ हे शब्द एका नोंदीत कधीच एकत्र येत नाहीत. कळ खोकल्याने, शिंकेने, हसण्याने, कपाटाच्या तळातले गठ्ठे वाकून काढताना येई आणि लगेच जाई. रग दुपारनंतर येई, खांद्यांतून चढे, कामाच्या तासांप्रमाणे वाढे आणि रात्रीपर्यंत राही. ही दोन दुखणी होती. सहा वर्षे ती त्यांना एकाच नावाने हाक मारीत होती, आणि डॉक्टरही.

कळ त्या सात किंवा सहा मिलिमीटरांची असण्याचा संभव मोठा होता. खोकल्याशी बांधलेली, डोक्याच्या मागे उठणारी, क्षणिक कळ ही या विकाराची ओळखीची खूण आहे, आणि शस्त्रक्रियेचा लाभ होण्याची अपेक्षा अशाच दुखण्यात अधिक धरता येते. रगेविषयी तसे कोणी सांगू शकत नव्हते. ती मानेच्या स्नायूंची असू शकत होती, चाळीस वर्षे मान खाली घालून वाचल्याची असू शकत होती.

आयुर्वेदात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांत निदान म्हणजे कारण. आजच्या मराठीत रोग ओळखणे या संपूर्ण क्रियेलाच निदान म्हटले जाते, म्हणजे पाचांतले एक पाचांचे नाव होऊन बसले. या पाचांतला उपशय येथे विशेष महत्त्वाचा आहे. ज्या रोगाची लक्षणे गूढ आहेत तो उपचार देऊन ओळखावा. ज्याने बरे वाटते त्यावरून कारण जाणावे. अर्थ आधी आणि कृती मागाहून हा क्रम उपशयात उलटतो. कृती हेच वाचन होते.

तिच्यापुढचा पेच नेमका उपशयाचा होता. त्या रचनेमुळेच कळ येते की नाही हे निश्चितपणे कळण्याचा मार्ग शस्त्रक्रिया हाच होता. परंतु उपशयाची कल्पना आहार-औषधाच्या मापाची आहे; पथ्य चार दिवस पाळून सोडता येते. हाडाचा तुकडा चार दिवस काढून पाहता येत नाही. समीक्षेत एका संहितेचे दहा अन्वयार्थ शेजारी शेजारी नांदतात, आणि अनेकार्थता हा आपण कृतीचा गुण मानतो. चुकीच्या वाचनाने कवितेचे काही बिघडत नाही, ती पुढच्या वाचकाची वाट पाहते. शरीराच्या बाबतीतही अन्वयार्थ अनेक असतात. पण त्यांपैकी एकच कृतीत उतरवता येतो, आणि मग वाचलेली संहिता पूर्वीची राहत नाही.

अशा वेळी आणखी पुरावा गोळा करावा असे वाटणे स्वाभाविक आहे. तीही तिसऱ्या मताचा विचार करू लागली होती. एका संध्याकाळी बारावीतली मुलगी कॉलेजातली काहीतरी गंमत सांगत होती. ती ऐकताना तिचे हात सवयीने मानेमागे गेले आणि चेहरा आक्रसला. मुलगी मध्येच थांबली. “जाऊ दे आई,” ती म्हणाली. “तुला हसू येईल असं मी हल्ली सांगतच नाही.”

ही नोंद रोजनिशीत नाही. दोन महिन्यांच्या नोंदींत हसण्याने आलेल्या कळा फारच थोड्या होत्या, आणि ते तिने चांगले लक्षण मानले होते. त्या थोड्या का होत्या हे आता उलगडले. घरातली माणसे तिच्यासमोर जपून बोलत होती. न घडलेल्या गोष्टींची नोंद कोणत्याही रोजनिशीत होत नसते. मुद्रितशोधकालाही गळलेला शब्द चुकलेल्या शब्दापेक्षा उशिरा दिसतो.

येथे प्रश्नाचे रूप पालटले. आपले निदान बरोबर आहे का, हा प्रश्न बाजूला पडला असे नाही. पण त्याच्याहून आधीचा एक प्रश्न पुढे आला. शस्त्रक्रियेने काय परत मिळवायचे आहे? रग राहिली तरी चालेल, कामाचे तास कमी करता येतील. घर मात्र तिच्यापुढे अबोल होऊ नये. दुसऱ्या डॉक्टरांकडे रोजनिशी घेऊन ती गेली तेव्हा त्यांनी ती सावकाश वाचली आणि विचारले, “सगळी डोकेदुखी जाईल अशी आशा आहे का तुम्हाला?” ती म्हणाली, “नाही. निदान हसता यावं.” मराठीत निदान या शब्दाचा ‘किमान’ असाही अर्थ आहे. डॉक्टरांनी मान हलवली आणि पत्र लिहायला घेतले.

६

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिच्यापुढे छापील मराठी संमतिपत्र ठेवण्यात आले. त्यात ‘भूल’ हा शब्द ऱ्हस्व उकाराने छापला होता. तिने सवयीने समासात खूण केली. पुढे एक वाक्य होते : या शस्त्रक्रियेतील सर्व धोके मला पूर्णपणे समजले आहेत. येथे ती थांबली.

निवासी डॉक्टर मुलगी तरुण होती. “काही शंका आहे का, मावशी?” तिने विचारले. शंका धोक्यांविषयी नव्हती. ‘सर्व’ आणि ‘पूर्णपणे’ हे दोन शब्द खरे नव्हते, एवढेच तिचे म्हणणे होते. शस्त्रक्रिया करणाऱ्यालाही सर्व धोके समजलेले नसतात. मग जिच्यावर ती व्हायची तिने तसे लिहून देणे म्हणजे संमती देणे नव्हे, एक चुकीचे वाक्य तपासून बरोबर म्हणणे होय. त्या मुलीने क्षणभर विचार केला, वरिष्ठांना विचारून आली आणि हरकत नाही म्हणाली.

मग तिने ‘सर्व’ आणि ‘पूर्णपणे’ यांवर आडव्या रेघा मारल्या आणि वर बारीक अक्षरात ‘सांगितलेले’ असे लिहिले. वाक्य असे झाले : या शस्त्रक्रियेतील सांगितलेले धोके मला समजले आहेत. डॉक्टरांनी दुरुस्तीशेजारी आद्याक्षरे केली. तिने खाली सही केली, तारीख घातली आणि कागद परत दिला.